बिनब्रेकची निळी

मित्रांनो, मला ब्रेक नाहीत. घंटी नाही, दिवा नाही, मडगार्ड नाही, मागे डबा बांधायला कॅरिअर नाही आणि टेकून उभं राहायला स्टँडही नाही. एवढं सगळं नसूनही मी सायकल आहे, आणि आता चांगली म्हातारी सायकल आहे. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर प्लूवेनेक नावाचं छोटं बंदर आहे. तिथे मारिव्होनबाईंच्या घावनांच्या दुकानात, सफरचंदाच्या दारूच्या पिंपावर, भिंतीतल्या दोन खुंट्यांना मी टांगलेली असते. लोक मला ‘निळी’ म्हणतात.

माझा जन्म सेंत-एतिएन शहरातला. बार्नाबे नावाच्या कारागिराने मला घडवलं. तो प्रत्येक पोलादी नळी कानाशी धरायचा आणि टिचकी मारून तिचा आवाज ऐकायचा. आवाज आवडला की नळीची सायकल व्हायची, नाही आवडला की खुर्ची. माझी एक नळी ऐकताना त्याने बराच वेळ तोंड वाकडं केलं होतं. त्या दिवशी देवानेच तारलं, नाहीतर आज मी कुणाच्या तरी अंगणात बसल्या जागी गंजले असते.

रंगाच्या वेळी बार्नाबेकडे देवळातली मरियामातेची मूर्ती रंगवून उरलेला अर्धा डबा होता. तोच निळा मला मिळाला. “मातेच्या झग्याचा रंग आहे बघ,” तो मला म्हणाला, “अंगावर घेतलास, तर नीट वाग.” मित्रांनो, मी वागले. माझ्यावर बसणाऱ्यांचं मात्र मी सांगू शकत नाही.

माझ्यावर बसायचा तो जिल्दास केर्द्रो. मासेमाऱ्याचा मुलगा, मांड्या पिंपासारख्या, डोळे लहान मुलासारखे. आम्ही ट्रॅकवर पळायचो. ट्रॅक म्हणजे बशीसारखा आतून उतरता गोल रस्ता. तिथे पायडल आणि चाक एकमेकांना बांधलेले असतात. पायडल फिरलं की चाक फिरतं, पायडल थांबलं की चाक थांबतं. ब्रेक कशाला लागतात?

दोघांच्या शर्यतीत मोठी गंमत असते. पुढचा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाने आरामात येतो आणि शेवटी बाजूने निसटून जिंकतो. म्हणून पुढे जायला कुणीच तयार नसतं. पहिली फेरी दोघेही वरातीसारखे सावकाश काढतात, आणि मग चक्क थांबतात. पाय जमिनीला न टेकवता, पुढचं चाक चढाकडे वळवून, जागच्या जागी तोल धरून उभे! जो कंटाळून पुढे निघाला, तो बहुतेक हरला.

जिल्दास या उभं राहण्यातच मोठा झाला. पॅरिसच्या लाकडी ट्रॅकवर देशाच्या अजिंक्यपदाची अंतिम शर्यत होती. समोर तुलूझचा एमे बूस्के, काळ्या मिशांचा, काळ्या सायकलवर. दोघे थांबले ते थांबलेच. रेडिओवर बोलणाऱ्या गृहस्थांनी आधी दोघांच्या मोज्यांचं वर्णन केलं, मग छताचं केलं, मग त्यांना काही सुचेना म्हणून आपल्या सासूबाईंचं कांद्याचं सार कसं होतं ते सांगितलं. घरोघरी बायकांनी ते उतरवून घेतलं. सार उकळेपर्यंत आम्ही तिथेच. शेवटी बूस्केचा धीर सुटला. तो सुसाट निघाला, आणि आम्ही त्याच्या आडोशाने जाऊन शेवटच्या वळणावर त्याला मागे टाकलं.

त्या दिवसापासून देशात जिल्दासहून वेगाने पळणारे पुष्कळ झाले, पण त्याच्यासारखा लाडका कुणी झाला नाही. पळणाऱ्याला लोक क्षणभर बघतात, आमच्याकडे त्यांनी पोटभर बघितलं होतं. शर्यती सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी गावात अरुंद गल्लीत दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले आणि कुणी मागे हटेना, की लोक म्हणतात, “झालं, जिल्दास-बूस्के लागलं!” दातांच्या डॉक्टरांनी आमचा फोटो खुर्चीसमोर लावला आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘असे राहा.’ लग्नात नवरदेव देवळाच्या दारात घुटमळला की पाहुण्यांतून कुणीतरी हमखास ओरडतं, “अरे, जिल्दास करू नकोस, आत जा!”

घरी मात्र त्याला क्षणभर एका जागी ठेवून दाखवावं. मारिव्होनबाई, म्हणजे त्याची बायको, कपाळाला हात लावायची.

“अख्खा देश तुझ्या उभं राहण्याचं कौतुक करतो,” ती म्हणायची, “आणि दुधावर लक्ष ठेवायला तुला उभं राहवत नाही? तिसऱ्यांदा उतू गेलं!”

“दूध पुढे गेलं, मी मागे होतो,” जिल्दास म्हणायचा. “हिशेबाने मीच जिंकलो.”

मारिव्होन शांत बाई. रोज पहाटे टेकडीवरच्या संत आनच्या देवळात मेणबत्ती लावून आल्याशिवाय ती तवा तापवत नाही. माझ्यावर तिचा फारसा जीव नव्हता. मला ती ‘सवत’ म्हणायची, पण हळू आवाजात, म्हणजे मला वाईट वाटू नये.

मला टांगलं तेव्हा पहिली काही वर्षं लोक टोपी काढून माझ्याकडे बघायचे. पुढे तीच टोपी माझ्या हँडलवर अडकवायला लागले. मग ओले रेनकोट आले, छत्र्या आल्या, नाताळात दिव्यांच्या माळा आल्या. एकदा खाटकाने मित्राला द्यायची सॉसेजची माळ माझ्या सीटवर ठेवली आणि विसरून गेला. गावातली सगळी कुत्री आठवडाभर माझ्या खाली भक्तिभावाने बसून होती. जिल्दास रोज माझ्याबद्दल बोलायचा, पण माझ्या टायरमध्ये हवा आहे का, हे मात्र बघायचा नाही.

मला एकदाच खाली काढलं, तेही भलत्या वेळी. पावाची गाडी त्याला पाव न देता पुढे गेली म्हणून तो माझ्यावर बसून टेकडी चढला, डोकं हँडलखाली घालून, पंचविशीतल्यासारखा. गाडी गाठली, पाव घेतला, आणि मग आठवलं की आता उतार आहे, उतारावर चाकच पायांना फिरवतं, आणि मला ब्रेक नाहीत. आम्ही बंदरापर्यंत गेलो आणि शिंपल्यांच्या टोपल्यांत थांबलो. पाव शाबूत होता. जिल्दास छातीवर हात धरून पांढराफटक पडला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे. चाला, हळू फिरा, पण पुन्हा जोर लावून सायकल पळवलीत तर मी जबाबदार नाही.

मारिव्होन त्याला सरळ संत आनपुढे घेऊन गेली. सोबत मलाही नेलं. माझ्या सीटवर हात ठेवायला लावून तिने त्याच्याकडून वदवून घेतलं, “यापुढे डोकं हँडलखाली घालून कधी पळवणार नाही.” मग तो बाहेर गेल्यावर स्वतः हात जोडून हळूच म्हणाली, “आई, याचं हृदय चालू राहू दे. मी लोणी सोडलं.”

मित्रांनो, तुम्हाला हे साधं वाटेल. पण ब्रिटनीत खारं लोणी म्हणजे काय, ते ब्रिटनीत राहणाऱ्यालाच कळतं. शिवाय तिचं दुकान घावनांचं! काळ्या गव्हाच्या पिठाचं गरम घावन, वर लोण्याचा गोळा विरघळतोय, असं ती दिवसभर दुसऱ्यांना वाढायची आणि स्वतः कोपऱ्यात बसून कोरडं खायची. वर्षामागून वर्षं. तिने हा वसा कुणाला सांगितला नाही. वरून मला सगळं दिसायचं.

आणि मग एका उन्हाळ्यात, संत आनच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, दुकानाच्या दारात बूस्के उभा राहिला. मिशा आता पांढऱ्या. सोबत काळी सायकल. तुलूझमध्ये त्याचं न्हाणीघराच्या टबांचं दुकान होतं आणि पोट बघता धंदा बरा चालला असावा.

“अरे ए, खांबा!” त्याने हाक मारली. “अजून उभाच आहेस का?”

“ये, ये, धीर सुटलेल्या!” जिल्दासने त्याला मिठी मारली. “बस. तुला बसणंच जमतं.”

वाडग्यांतून दारू आली. पहिल्या वाडग्याला ते एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. दुसऱ्याला त्या जुन्या शर्यतीवर आले. तिसऱ्याला बूस्केने टेबलावर मूठ आपटली.

“त्या दिवशी माझ्या डोळ्यात चिलट गेलं होतं. नाहीतर तू मला हरवतोस? उद्या होऊन जाऊ दे, तुमच्या गावच्या सिमेंटच्या ट्रॅकवर. दोन फेऱ्या. जो हरेल त्याने आपली सायकल द्यायची.”

“माझी निळी?”

“हो. दुकानात मधोमध मोठ्या टबात उभी करणार मी तिला. खाली कारंजं.”

कारंजं! माझ्या नळ्यांना आतून गंज चढल्यासारखं झालं. मी खुंट्यांवरून आशेने जिल्दासकडे पाहिलं. तो समजूतदारपणे नाही म्हणेल, अशी माझी खात्री होती.

“लाव हात,” जिल्दास म्हणाला.

सगळ्या दुकानाने टाळ्या वाजवल्या. मारिव्होन उलथनं घेऊन आतून बाहेर आली, तेव्हा हातावर हात पडून गेला होता. तिने फक्त विचारलं, “किती वाजता?”

“सकाळीच, मादाम,” बूस्के म्हणाला. “ऊन छान असतं.”

“सकाळी मिरवणूक असते, मग मोठी प्रार्थना. जत्रेच्या दिवशी देवाआधी सायकली नकोत, मस्यू बूस्के. संध्याकाळची प्रार्थना झाली की करा.”

तुलूझच्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिकडे ऊन सकाळी आलं की संध्याकाळपर्यंत मुक्कामाला असतं.

सगळे गेल्यावर ती जिल्दाससमोर बसली.

“संत आनपुढची शपथ मोडणार तू?”

जिल्दास मान खाली घालून बोटाने टेबलावरची दारू पसरत राहिला. “बूस्केला माझ्या हृदयाचं सांगू नकोस. त्याने माझी कीव केली तर मी इथेच मरेन. पण पळलो नाही तर निळी जाते गं.”

“आणि पळलास तर तू जातोस. ती शर्यत तू पळून जिंकला होतास?”

“म्हणजे?”

“उभा राहूनच जिंकलास ना? मग उद्या उभा राहा. पहिली फेरी चालत काढायची असतेच. मग थांब. ओल्या सिमेंटवर शर्यत होत नाही, हे तूच मला शिकवलंस. बिनब्रेकच्या सायकली घसरतात, पंच घंटा मारून शर्यत रद्द करतो. रद्द झाली की ज्याची सायकल त्याच्या घरी. उद्या वारा पश्चिमेचा आहे, आणि भरती संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लागते. भरतीबरोबर पाऊस येतोच.”

“आणि नाही आला तर?”

“तू उभं राहण्याचं बघ. पावसाचं मी बघते.”

मग तिने मला खाली उतरवलं. टायरला हात लावला तर तो रिमवरून सालीसारखा सुटून तिच्या हातात आला. आमच्यात टायर सोल्युशनने चिकटवतात, आणि ते सोल्युशन केव्हाच वाळून भुगा झालं होतं. जिल्दास ओशाळून दुसरीकडे बघू लागला.

“रोज हिच्या गोष्टी सांगत होतास,” मारिव्होन म्हणाली, “आणि हिचं हे केलंस?”

तिने बाह्या वर केल्या. घावनाचं पीठ पसरतात तसं बोटाने रिमवर सोल्युशन एकसारखं पसरलं, टायर दाबून बसवला, चेनला तेल दिलं, पंप मारला. शेवटी ओल्या फडक्याने माझी निळाई पुसली आणि हळूच म्हणाली, “उद्या सांभाळ गं त्याला, सवती.” मित्रांनो, मला तेव्हा घंटी असती तर मी वाजवली असती.

जत्रेच्या दिवशी सकाळी फादर गुल्वेन यांनी मिरवणुकीपुढे मोठ्याने प्रार्थना केली, “हे संत आन, आजचा दिवस कोरडा जाऊ दे.” सगळ्या गावाने ‘आमेन’ म्हटलं. मागच्या रांगेत मारिव्होनने पाऊस मागत दोन मेणबत्त्या जास्त लावल्या. संत आनची केवढी पंचाईत झाली असेल!

दिवसभर आकाश धुतलेल्या बशीसारखं स्वच्छ. संध्याकाळी गावामागच्या सिमेंटच्या ट्रॅकभोवती माणसंच माणसं. घावनात गुंडाळलेली सॉसेज खात सगळे जागा धरून बसले होते. पंच म्हणून हातात घंटा घेऊन फादर गुल्वेन. ते आकाशाकडे बघून सारखे प्रसन्न हसत होते.

आम्ही निघालो. पहिली फेरी चालीने. वरच्या वळणावर जिल्दासने माझं पुढचं चाक चढाकडे वळवलं आणि थांबला. शेजारी काळीही थांबली. सगळीकडून आनंदाचा चीत्कार उठला. लोक याचसाठी आले होते.

“जा ना पुढे,” बूस्के पुटपुटला.

“छे! पाहुण्यांचा मान आधी.”

“मला घाई नाही. दुकान बंद ठेवून आलोय.”

“मला तर दुकानच नाही. बायकोचं आहे.”

ऊन तसंच. जिल्दासची मांडी बारीक थरथरू लागली होती. ती थरथर माझ्या नळीतून खाली टायरपर्यंत जात होती. सोल्युशनने धरून ठेवलं होतं. बाहेर लोकांची सॉसेजं संपली, त्यांनी दुसरी मागवली.

“जिल्दास,” बऱ्याच वेळाने बूस्के म्हणाला, “खरं सांगू? चिलट वगैरे काही नव्हतं.”

“माहीत आहे.”

“निळी मला यासाठी हवी, की दुकानात येणारा विचारेल, ही कुणाची? मग मी सगळं सांगेन. लोक टब घेतात आणि जातात रे. बोलायला कुणी नसतं. बायको गेल्यापासून तर...”

“मग इथे येऊन सांग ना, गाढवा. दर उन्हाळ्यात ये.”

बूस्के आणखी बोलला असता तर रडला असता, आणि रडणाऱ्याचा तोल जातो. ते आवरायलाच की काय, त्याने एकदम पायडलवर जोर दिला आणि काळी सुटली!

गर्दी किंचाळत उभी राहिली. माझ्यावरचा जिल्दास एका क्षणात पंचवीस वर्षांचा झाला. त्याचे हात वाकले. डोकं खाली येऊ लागलं, हँडलकडे, हँडलच्या खाली. त्याचं हृदय माझ्या नळीवर ठोकत होतं. मी काय करणार? मला ब्रेक नाहीत.

तेवढ्यात कठड्याशी उभी मारिव्होन त्याला दिसली. तिच्या हातात घावन होतं. कोरडं. ती ओरडली नाही, हात केला नाही. नुसती बघत होती.

जिल्दासचं डोकं वर आलं. पाय थांबले. आम्ही तिथेच राहिलो.

आता बूस्केला अख्खी शर्यत मोकळी होती. नुसता फिरत गेला असता तरी जिंकला असता. पण त्याने मागे वळून पाहिलं आणि मागे कुणीच नाही! आयुष्यभर ज्याने मागून येऊन हरवलं तो मागे नाही, म्हणजे काहीतरी भयंकर डाव आहे, असं समजून बिचारा घाबरला आणि पुढच्या वळणावर गच्च थांबला. ट्रॅकवर वाढलेल्या माणसाचीच ही चूक. दुसरा कुणीही जिंकला असता.

आणि माझ्या हँडलवर टप्पकन एक थेंब पडला.

मग दुसरा. मग समुद्रावरून करड्या चादरीसारखी सर आली. गावाने सवयीने एकाच वेळी छत्र्या उघडल्या. फादर गुल्वेन यांनी खिन्नपणे आकाशाकडे बघून घंटा वाजवली. “शर्यत रद्द! सायकली ज्याच्या त्याच्या घरी!”

मित्रांनो, इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दोघेही हलेनात. शर्यत नव्हती, पैज नव्हती, तरी आधी पाय कोण टेकवणार? दोन म्हातारे दोन वळणांवर, पावसात, जागच्या जागी. छत्र्यांखाली लोक आनंदाने रडायचे बाकी होते.

शेवटी मारिव्होन छत्री घेऊन ट्रॅकवर आली आणि माझी सीट धरली.

“उतरा दोघे आता. तवा तापलाय.”

दोघांनी एकदम पाय टेकवले. बूस्केच्या बुटाखालचं सिमेंट ओलं होतं. तो काळीसकट उतारावरून बसल्या बसल्या खाली हिरवळीपर्यंत घसरत गेला, हात वर करून, जिंकल्यासारखा. त्याला एवढ्या टाळ्या आयुष्यात मिळाल्या नव्हत्या.

त्या रात्री जेवताना जिल्दासच्या ताटात लोण्याचा गोळा घातलेलं घावन आलं. त्याने तो गोळा उचलून बूस्केच्या ताटात ठेवला आणि स्वतः कोरडं खाल्लं. मारिव्होनने पाहिलं. “कधीपासून माहीत आहे तुला?” तिने विचारलं. “आज कठड्याशी कळलं,” तो म्हणाला. तेव्हापासून घरात दोन कोरडी घावनं होतात. बूस्के दर उन्हाळ्यात येतो, माझ्याखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ती शर्यत सांगतो, आणि अलीकडे त्याच्या सांगण्यात चिलटाचा गरुड झाला आहे.

मी पुन्हा खुंट्यांवर आहे. टोप्या अजून माझ्यावर अडकवतात, त्याला माझी ना नाही. पण दर शनिवारी तवा पुसून झाला की मारिव्होन स्टुलावर चढते, माझा टायर चिमटीत धरून बघते आणि पंप मारते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी एखादी जुनी सायकल भिंतीला टेकून असेल. एखादं माणूसही असेल, ज्याच्या जुन्या गोष्टी तुम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगता. गोष्टी जरूर सांगा. पण सांगून झाल्या की एकदा जवळ जाऊन हात लावून बघा. उभ्या राहणाऱ्याच्या चाकांनाही हवा लागतेच.